गाडीवरचा फोन : दोष एकट्या चालकाचा नाही

रस्त्यावर हल्ली वाकड्या मानेची माणसे फार दिसू लागली आहेत. कान आणि खांदा यांच्या बेचक्यात फोन दाबायचा, मान तिरकी करायची आणि मोटारसायकल चालवत बोलत सुटायचे. काहींनी यावरही तोड काढली आहे. ते फोन हेल्मेटच्या आत खुपसतात, मुली तोंडाला बांधलेल्या स्कार्फमध्ये खोचतात. मी हाडांचा डॉक्टर, त्यामुळे माझे लक्ष आधी त्या मानेकडे जाते हे खरे. पण मानदुखीचा रुग्ण निदान स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येतो. मला आज बोलायचे आहे ते आडवे घालून आणल्या जाणाऱ्यांविषयी.

भारतात मोबाईल फोन सुरू झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, म्हणून लोक कामापुरते बोलून फोन ठेवून देत. आज बोलणे जवळजवळ फुकट झाले आहे. परंतु माझ्या मते खरा बदल पैशाचा नाही. पूर्वी माणूस घरातून निघाला की पोहोचेपर्यंत कोणाच्या हाती लागत नसे. घरचे वाट पाहत, फार तर उशीर झाला म्हणून दारात येऊन उभे राहत. प्रवासातला वेळ हा ज्याचा त्याचा होता. आता मात्र तो वेळही आपण मागू लागलो आहोत, आणि दोन रिंगांत फोन उचलला नाही तर रागावतो.

आता शरीराकडे वळू. आपला मेंदू एकाच वेळी दोन कामे करतो, असे आपल्याला वाटते. लक्ष द्यावे लागणारी दोन कामे असतील तर तो ती एकत्र करत नाही, एकावरून दुसऱ्यावर उड्या मारतो. प्रत्येक उडीला थोडा वेळ जातो, आणि त्या वेळेत डोळे उघडे असूनही माणूस पाहत नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकावर गेल्याची यंत्राने नोंद घेतली होती. तरीही तो फलक पाहिल्याचे त्यांना नंतर कमीच आठवले. आणि हे लोक फोन हातात न धरता बोलत होते, हे विशेष.

‘मी ब्लूटूथवर बोलतो, मला काही होत नाही’ असे सांगणारे सुशिक्षित गृहस्थ मला नेहमी भेटतात. त्यांच्यासाठी आणखी एक दाखला. कॅनडात टोरांटो येथे रेडलमायर आणि तिबशिरानी या दोघांनी, गाडीला टक्कर झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. १९९७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला : फोन चालू असताना टकरीचा धोका सुमारे चौपट. हात मोकळे ठेवणाऱ्या फोनचा कोणताही फायदा त्यांना आढळला नाही. गुंतलेले असते ते डोके, हात नव्हे.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलले तर चालते का, असे कोणी विचारील. बरेचसे चालते. कारण त्यालाही रस्ता दिसत असतो. समोर म्हैस आडवी आली की तो आपोआप गप्प होतो, कधी ‘अरे, म्हैस!’ म्हणून ओरडतोही. फोनवरच्या माणसाला ती म्हैस दिसत नाही. तो आपला लग्नाच्या यादीत कोण राहिले तेच विचारत असतो.

आणि लिहिलेला निरोप वाचणे तर याहून वाईट, कारण तिथे डोळेही जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे सरकते. पाच सेकंद मान खाली घातली तर ८० मीटरांहून अधिक अंतर, म्हणजे क्रिकेटच्या चार खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात एवढे, आपण आंधळ्यासारखे कापतो.

आपल्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की सांगली-तासगावसारख्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या दिसू लागतात. दिवेलागणीनंतर मागचा दिवा नसलेली, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, अशी ट्रॉली लक्ष असलेल्या माणसालाही उशिरा दिसते. अशाच एका उभ्या ट्रॉलीवर एक तरुण दूधवाला मोटारसायकलसह मागून आदळला. मांडीचे हाड मोडलेले, डोक्याला मार. शस्त्रक्रिया झाली, सळई घातली, तो वाचला. रस्त्यावर काय झाले ते त्याला आजही आठवत नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, ‘‘डॉक्टर, म्या ‘कुठवर आलायस’ म्हणून फोन लावला नसता, तर झालं नसतं का वो हे?’’

मी म्हणालो, ‘‘आजी, ट्रॉलीला दिवा नव्हता.’’ ते खरेच होते. ती मान हलवून गेली. तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

त्या माउलीला दोष देण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तिने केले ते आपण सगळेच रोज करतो. पण रस्त्यावरच्या फोनला दोन टोके असतात आणि आपण सगळा दोष एकाच टोकाला देतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरलेल्या फोनचा स्पष्ट उल्लेख आला. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही सांगितली. हे योग्यच झाले. परंतु पोलिसाला दिसतो तो हातातला फोन. कानातले बोंडूक आणि डोक्यातला विचार त्याला कसा दिसावा? आणि फोन करणाऱ्याला तर कोणताच कायदा काही म्हणत नाही. देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली. अपघातात सापडलेला माणूस दवाखान्यात आणला जातो तेव्हा फोन चालू होता की नाही, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. माझ्या मते ते लिहिले पाहिजे.

दारूचे उदाहरण घ्या. पिऊन गाडी हाकणाऱ्याला निदान चारचौघे नावे ठेवतात. आणि जो साहेब, जो दुकानदार आपल्या माणसाला तो गाडीवर आहे हे ठाऊक असून पुनःपुन्हा फोन करतो आणि ‘फोन का घेतला नाहीस?’ म्हणून झापतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. घरपोच सामान देणारी पोरे तर दिवसभर याच कात्रीत सापडलेली असतात. एका हाताने गाडी, दुसऱ्या हाताने पत्ता, आणि वर गिऱ्हाईकाची घाई. आपणच ते गिऱ्हाईक असतो.

म्हणून माझे सांगणे चालकापेक्षा घरच्यांना आणि मालकांना अधिक आहे. समोरून वाऱ्याचा आवाज आला की पहिला प्रश्न ‘गाडीवर आहेस का?’ हा विचारा, आणि ‘हो’ म्हटले की दुसरे अक्षर न बोलता फोन ठेवा. एखाद्याला हे तुसडेपणाचे वाटेल, वाटू द्या. निघणाऱ्याने निघताना सांगावे, ‘तासाभरात पोहोचतो, मध्ये फोन घेणार नाही’, आणि फोन आवाज बंद करून डिकीत किंवा पिशवीत टाकावा. खिशात थरथरला तरी हात जातोच. घ्यावाच लागला तर डांबर सोडून पूर्ण खाली उतरावे. साइडपट्टीवर एक चाक ठेवून बोलणारेही मागून उडवले जातात. एसटीचा थांबा, पेट्रोल पंप, नाहीतर चहाची टपरी गाठावी. आपल्या जिल्ह्यात टपऱ्यांना काही तोटा नाही.