जुळलेली मूत्रपिंडे आणि हरवणारे रिपोर्ट

माणसाच्या मूत्रपिंडांची खरी ठेवण शेकडो वर्षे कळायची ती तो गेल्यावरच. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेरेंगारिओ दा कार्पी या इटालियन शरीररचनातज्ज्ञाने घोड्याच्या नालेसारख्या जुळलेल्या मूत्रपिंडाचे वर्णन केले, तेही शवविच्छेदन करूनच.

या अज्ञानाने जीवही घेतले आहेत. १८८०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये विल्यम पोल्क या शल्यविशारदांनी एका तरुणीच्या ओटीपोटात, भलत्याच जागी असलेले मूत्रपिंड काढून टाकले. काही दिवसांतच ती दगावली. तिला दुसरे मूत्रपिंड नव्हतेच. पोल्क यांनी ही हकिकत वैद्यकीय नियतकालिकात छापली. पुढच्या कित्येक रुग्णांवर त्यांचे हे उपकारच आहेत.

शस्त्र उचलण्याआधी आत डोकावण्याची सोपी सोय १९२९च्या सुमारास झाली. मोझेस स्विक यांनी बर्लिनमध्ये शिरेतून देण्याचे असे औषध वापरले, की ते लघवीत उतरताना एक्स-रेवर मूत्रमार्ग उमटे. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटाच्या सोनोग्राफीवरचा निबंध प्रसिद्ध केला, १९७१मध्ये सीटी स्कॅन आला. आज पित्ताशयातले खडे पाहायला गेलेल्या माणसाला मूत्रपिंडाची बातमी मिळते.

ती ऐकून घरदार हादरते. खरे तर मूत्रपिंडे गर्भात ओटीपोटात तयार होतात आणि वर सरकतात. खालची टोके जुळलेली असली, तर मधला सांधा महाधमनीतून मोठ्या आतड्याकडे जाणाऱ्या धमनीखाली अडतो आणि प्रवास तिथेच थांबतो. साधारण ५०० जणांत एकाचे असे होते. जन्मतः एकच मूत्रपिंड असणारे हजारात एक. यातले बहुतेक जण कसलाही त्रास न होता जगतात.

म्हणून अशा माणसाला रुग्ण ठरवण्याची घाई नको, तसाच तो रिपोर्ट कपाटात हरवूही नये. जुळलेल्या मूत्रपिंडात लघवी तुंबून खडे होण्याचा, जंतुसंसर्गाचा संभव जास्त; त्याच्या रक्तवाहिन्याही वेगळ्या वाटांनी येतात, हे पोटाच्या शस्त्रक्रियेआधी सर्जनला ठाऊक हवेच. सोनोग्राफी करणाऱ्याने दोन मिनिटे थांबून हे मराठीत समजावले पाहिजे आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगायला बजावले पाहिजे. एकच मूत्रपिंड असेल, तर रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने नियमित तपासावीत, वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत.