केमिस्ट्री शिकणाऱ्या मुलीने पत्रकारिता का शिकू नये?

"एक काय ते धड शिक." हुशार मुलामुलींना आपल्याकडे हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले जाते की, पुढे तीच मुले आपल्या धाकट्या भावंडांना ते ऐकवू लागतात. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलेल्या मुलीने सोबत पत्रकारितेचीही पदवी करायची म्हटले, की घरचे हसतात, शेजारची खाला काळजी व्यक्त करते आणि कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क अर्ज परत करतो. केमिस्ट्री आहे ना? मग बी.एड. कर, नाहीतर औषध कंपनीच्या लॅबमध्ये लाग. पेपरात लिहायचे असेल तर आर्ट्सला जा. दोन्ही कशाला?

मी उर्दू आणि मराठी शिकवते. रसायनशास्त्र हा माझा विषय नाही. तरीही या "दोन्ही कशाला?"ला उत्तर द्यायचे मी ठरवले आहे. कारण या प्रश्नाची किंमत आपल्याच वस्त्यांनी मोजली आहे.

आधी नियम काय आहे ते बघू, कारण पुष्कळ पालकांना आणि खेदाने सांगावे लागते की काही प्राध्यापकांनाही, दोन पदव्या एकाच वेळी करणे बेकायदा वाटते. तसे नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये याला परवानगी दिली आहे. वर्गाच्या वेळा एकमेकींवर येत नसतील तर दोन्ही पदव्या प्रत्यक्ष वर्गात बसून करता येतात. एक कॉलेजात आणि दुसरी दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन करता येते. दोन्ही दूरशिक्षणानेही करता येतात. पीएच.डी.ला ही सवलत नाही. म्हणजे दार उघडे आहे. दारात उभे राहून मुलांना अडवणारे आपण आहोत.

आता किंमत कशी मोजली ते सांगते. भोपाळ हे नाव सगळ्यांना माहीत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. मध्य प्रदेश सरकारने मान्य केलेला मृतांचा आकडा ३,७८७ आहे; संघटना त्याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. वायू पसरला तो जुन्या भोपाळच्या दाटीवाटीच्या, गरिबांच्या वस्त्यांत. त्यात मुसलमान होते, हिंदूही होते.

पण आणखी एक नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवे : राजकुमार केसवानी. भोपाळचे पत्रकार. १९८१ च्या डिसेंबरमध्ये याच कारखान्यात फॉस्जीनची गळती झाली आणि मोहम्मद अशरफ नावाचा कामगार मेला. अशरफ केसवानींच्या ओळखीचा होता. केसवानींनी शोध सुरू केला. ते रसायनशास्त्रज्ञ नव्हते. कागदपत्रे मिळवून, जाणकारांना विचारून त्यांनी हे वायू काय आहेत ते शिकून घेतले. १९८२ मध्ये आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकात त्यांनी शहराला इशारा दिला, पुन्हा दिला. १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'तही लिहिले. कोणी मनावर घेतले नाही. सहा महिन्यांनी ती रात्र आली.

यात केमिस्ट्री किती आहे? अकरावीच्या मुलाला करता येईल इतकी. मिथाइल आयसोसायनेटचा रेणुभार ५७, हवेचा सरासरी २९. म्हणजे त्याची वाफ हवेच्या जवळपास दुप्पट जड. ती जमिनीलगत पसरणार, झोपडीत शिरणार, जमिनीवर झोपलेल्या लेकराला आधी गाठणार. हा पदार्थ पाण्याशी अभिक्रिया करतो, म्हणून तोंडावर ओले फडके धरले तरी थोडा बचाव होतो. पळायचे ते वाऱ्याच्या दिशेने नाही. ही चार वाक्ये हिंदीत आणि उर्दूत आधीच घरोघर पोहोचली असती तर? त्या रात्री हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांनासुद्धा आपण कोणत्या वायूच्या रुग्णांवर उपचार करतो आहोत हे धड कळवले गेले नव्हते. कारखान्यात केमिस्ट होते आणि शहरात वर्तमानपत्रेही होती. या दोघांमध्ये उभा राहणारा माणूस मात्र एकटा केसवानी निघाला.

हे मध्य प्रदेशात झाले म्हणून आपण निश्चिंत राहू नये. लोटे परशुराम, महाड, तारापूर, डोंबिवली ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत. डोंबिवलीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन माणसे मेली. या पट्ट्यांत आपली गावे आहेत, आपली मुले कामाला जातात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत काय असते? "उग्र वास आला, नागरिकांमध्ये घबराट." कोणते रसायन होते, ते विहिरीच्या पाण्यात किती दिवस राहते, मुलांना कधी बाहेर सोडावे, हे बातमीत नसते, कारण लिहिणाऱ्याला ते विचारायचे कसे हेच माहीत नसते. आणि ज्याला माहीत आहे तो पगारदार आहे, त्याला लिहिता येत नाही.

कारखाने सोडा, आपल्या मोबाइलकडे बघा. "ई क्रमांक असलेल्या प्रत्येक पदार्थात डुकराची चरबी असते" हा निरोप तुम्हाला आला आहेच. त्या यादीत ई १०० सुद्धा असतो. ई १०० म्हणजे कर्क्युमिन, आपल्या हळदीतला पिवळा रंग! मग कोणीतरी शिकलेला मुलगा रागाने लिहितो, "सगळी अफवा आहे." तेही खरे नाही. ई ४७१ म्हणजे स्निग्धाम्लांचे मोनो आणि डायग्लिसराइड. ते वनस्पती तेलापासूनही बनते, प्राण्याच्या चरबीपासूनही. रेणू तोच. नुसता क्रमांक वाचून उगम कळत नाही. पाकिटावरची खूण बघावी लागते, कंपनीला पत्र लिहून विचारावे लागते. इथे हलाल-हरामचा प्रश्न मौलाना सोडवतील, पण त्यांच्यासमोर खरी माहिती सोप्या भाषेत ठेवायची कोणी? २०२० मध्ये सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलवरून आपल्याकडे किती गोंधळ झाला, आठवा. अल्कोहोल हे एका पदार्थाचे नव्हे तर संयुगांच्या एका अख्ख्या कुळाचे नाव आहे, हे शांतपणे सांगणारी माणसे किती होती?

आणि हे दोन विषय एकत्र येणे आपल्याला परके कधीपासून झाले? जलशात जाबिर इब्न हय्यानचे नाव घेतले की टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारेच घरी येऊन मुलीला म्हणतात, दोन्ही कशाला. सर सय्यद यांनी १८६४ मध्ये सायंटिफिक सोसायटी काढली आणि दोनच वर्षांत तिचे वृत्तपत्रही सुरू केले, कारण विज्ञान लोकांच्या भाषेत छापले नाही तर ते लोकांचे होत नाही हे त्यांना कळले होते. हैदराबादेत १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले, तिथे विज्ञानही उर्दूतून शिकवले गेले आणि त्यासाठी खास दारुल तर्जुमा होता. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. मराठीचे उदाहरण हवे? १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत. त्यांना कोणी विचारले का, की एक काय ते धड करा?

आक्षेप मला माहीत आहेत. "एक ना धड, भाराभर चिंध्या." भिंतीवर लावायला दोन प्रमाणपत्रे हवी असतील तर हा आक्षेप बरोबर आहे. दोन पदव्या प्रत्येकाने कराव्यात असे मी म्हणत नाही. ज्या मुलाला एकीचाच भार होतो त्याला दुसरी देऊ नका. "दोन फिया कोण भरणार?" हा आक्षेप खरा आहे आणि मला तो सर्वांत जास्त टोचतो. पण ज्या अंजुमन, ज्या ट्रस्ट दरवर्षी वह्या आणि दप्तरे वाटून फोटो काढतात, त्यांना अशा पाच मुलींची दुसरी फी जड आहे का? "मुलीचे वय वाढते." वय तर एका पदवीतही तेवढेच वाढते. दोन्ही पदव्या एकाच वेळी चालतात, एकीपाठोपाठ एक नव्हे.

आणि कॉलेजांना माझा प्रश्न आहे. आयोगाची परवानगी तुमच्या फाइलमध्ये आहे, मग टाइमटेबलमध्ये का नाही? केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल दुपारी, जर्नालिझमची लेक्चरही दुपारी. तालुक्याच्या गावात तर दुसरा विषयच नाही. वेळा जुळत नाहीत हे कारण नव्हे. वेळा तुम्हीच ठरवता.

मुलांना मात्र मी थांबा म्हणणार नाही. प्रयोगशाळा घरी बसून होत नाही, म्हणून रसायनशास्त्र कॉलेजात करा आणि पत्रकारिता किंवा जनसंवाद दूरशिक्षणाने. तो अभ्यासक्रम आयोगाने मान्य केलेला आहे का हे प्रवेशाआधी तपासा आणि दोन्ही विद्यापीठांच्या परीक्षांच्या तारखा समोरासमोर ठेवा. तीन वर्षे मराठीत किंवा उर्दूत महिन्याला एक तरी लेख लिहा : पाण्यावर, खतावर, खाद्यतेलावर. सोप्या भाषेत. अम्मीला वाचून दाखवा. तिला कळला नाही तर पुन्हा लिहा.

पालकहो, तुमची मुलगी दोन फॉर्म घेऊन आली तर दोन्हींवर सही करा. आपल्या वस्तीत केमिस्ट निघाले, पत्रकारही निघाले. आता दोन्ही असलेली मुलगी निघू द्या. पुढचा इशारा वेळेवर आणि आपल्या भाषेत देणारे कोणीतरी लागणार आहे.