छडीची शिस्त कोणाच्या पाठीवर?

कोलशेत रोडवरचे जुने कारखाने गेले, टॉवर उभे राहिले. त्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या आयांची मुले आसपासच्या शाळांत शिकतात. "गुरुजी, मारा, पण शिकवा," असे पालकच सांगतात. परंतु पालकाने मुभा दिली म्हणून छडी कायदेशीर ठरत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई करते. जातीवरून मारलेला टोमणा हाही छळच. नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत सहावीतील मुलगी दगावली. शाळेत उशिरा आल्याबद्दल तिला उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला, शिक्षिकेला अटक झाली.

मग नव्या शिक्षकाने वर्ग आवरायचा कसा? हा प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रात तो पहिली तीन वर्षे 'शिक्षण सेवक' असतो. प्राथमिकला मानधन होते 6 हजार. 2023 मध्ये ते 16 हजार झाले. तुटपुंज्या मानधनावर त्याला खच्चून भरलेल्या वर्गात उभे करायचे आणि शिस्त मागायची, हा शासनाचा न्याय! त्याचा राग शेवटी निघतो तो ज्याच्या घरून कोणी जाब विचारायला येणार नाही, त्या मुलावर. ते मूल बहुधा आपल्याच वस्तीतले असते.

साताऱ्याच्या शाळेत बालभीमाला वेगळ्या गोणपाटावर बसवले जाई. तोही शाळेचा नियमच होता! हेच बाबासाहेब 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य काय शिकवणार, असे सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटले. पुढे इतर कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानांना बसू लागले. तो वर्ग त्यांनी अभ्यासाच्या बळावर जिंकला.

नव्या शिक्षकांनी हेच करावे. पाठाची पूर्ण तयारी करावी, पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाचे नाव पाठ करावे, बाकांच्या जागा आलटून पालटून द्याव्यात. नियम थोडे असावेत आणि ते सर्वांना सारखे लागू व्हावेत.

पालकांचेही काम आहे. पालिकेच्या व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, दुर्बल घटकांना त्यात वाटा असतो. त्या बैठकीला जा. वर्गात मुले किती, शिक्षक किती, हे विचारा. प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे कायद्याचे प्रमाण आहे. उत्तर लेखी मागा.