नाव कळले, ग्रह कळला नाही

कर्जत-खालापुरात फार्महाऊस आणि रिसॉर्टचे दिवे वाढले, तरी शुक्र, गुरू, व्याध दिसतातच. मग अंधाराचा आग्रह कशाला, असे विचारले जाते. पण दिसणे वेगळे नि ओळखणे वेगळे. ग्रह सहसा लुकलुकत नाही, ही खूण उपयोगी असली तरी क्षितिजाजवळ फसवी आहे. तिथल्या जाड हवेत शुक्रही थरथरतो. खरी ओळख पटते ती शेजारच्या ताऱ्यांमुळे. गुरू वर्षाला साधारण एक रास सरकतो, शनीला त्याच अंतराला अडीच वर्षे लागतात. तांबूस मंगळ कोणता आणि तांबूस रोहिणी कोणती, हे महिनाभरात कोण जागा बदलतो त्यावरून ठरते. हे सरकणे मोजायला मागचे अंधूक तारे हवेत, आणि उघड्या हॅलोजनने आधी तेच पुसले जातात.

मोबाइलचे ॲप नाव सांगते, हे खरे. नावापलीकडे बघायची सवय मात्र ते लावत नाही. मुंबईच्या खगोल मंडळाने कर्जतच्या अलीकडे वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन रुजवले, ते अशा अंधारासाठीच. दिवे सुरक्षिततेसाठी लागतात, हा आक्षेप रास्त आहे. रानातल्या वाटेवर विंचू-सापाची भीती खोटी नाही. पण वाट जमिनीवर असते. वरून झाकलेला, खाली उजेड टाकणारा दिवा तेच काम कमी विजेत करतो. बांधकाम परवान्यात ग्रामपंचायतींनी एवढी अट घालायला हरकत नसावी. पावसाचे चार महिने आकाश तसेही बंदच असते. उरलेले आठ तरी राखावेत.