मिरचीचा भाव, खुर्चीचा भाव

मैत्रिणींनो, भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की मिरचीचा बाजार आठवतो. तोडणीला आपण बायका, हातांची आग होते ती आपली, आणि भाव करायला मात्र घरचे पुरुष. हे आता अंगवळणी पडलंय. पण गावच्या सरपंचपदाचाही असाच भाव व्हावा?

नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात तो झाला. ग्रामपंचायत निवडणुकीआधी पदांचा जाहीर लिलाव. बोली गेली २ कोटी ५ लाखांवर, आणि पैसा म्हणे देवळासाठी! नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाख. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

देवाचं नाव घेतलं की विरोधात बोलणाऱ्याची जीभ अडखळते. पण एवढी रक्कम मोजणारा ती कुठून वसूल करणार, हे महिन्याचा किराणा भागवणाऱ्या बाईला सांगायला नको. घरकुलाची यादी आहे, पाण्याची टाकी आहे, गटाराचं बिल आहे. २०११ पासून राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या झाल्या खऱ्या, पण बोली लावायला रोकड लागते. ती आपल्यापैकी कितीजणींच्या हातात असते? मताला पैसा लागत नाही, म्हणून तर तिथे मजुरीला जाणारी आणि वाड्यात राहणारी सारखी.

चीनमधल्या वुकान गावावर जिल ली या दिग्दर्शिकेने 'लॉस्ट कोर्स' हा माहितीपट केलाय. गावची जमीन कारभाऱ्यांनी परस्पर विकली म्हणून २०११ मध्ये लोक रस्त्यावर आले. २०१२ मध्ये चिठ्ठ्या टाकून त्यांनी आपला माणूस निवडला. २०१६ मध्ये त्यालाच लाचेच्या आरोपाखाली तुरुंगात धाडलं. गावकऱ्यांना तो आरोप पटला नाही, ते पुन्हा रस्त्यावर आले. त्यांनी भांडून मिळवलेलं मत असं हातचं गेलं. आपण मात्र ते देणगीच्या पावतीवर सोडून देतो.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असा आपल्याकडे कायदा आहे. पुष्कळदा ती वहीतच होते. शिपाई वही घेऊन दारात येतो, आपण पदराला हात पुसतो आणि सही करतो. मीही केलीय. आता वही आली की वर काय लिहिलंय ते आधी वाचा, नाहीतर शाळेतून आलेल्या लेकीला वाचायला लावा. सभा झालीच नसेल तर वही कोरीच परत पाठवा. शिपाई कुरकुरेल, पुन्हा येईल. त्याला चहा द्या, सही नको.