‘गावाला माहीत असतंच’ म्हणणाऱ्यांना

‘गावात काय लपतं?’ त्र्यंबकेश्वर तालुक्यात खटल्यातल्या मुलांची ओळख गुप्त ठेवण्याचा विषय काढा, पहिलं उत्तर हेच मिळतं. पाडा चाळीस घरांचा. एका घरात भांडं पडलं तर चार घरं ऐकतात. मग पोलिसांनी, पत्रकारांनी, कोर्टाने नाव लपवायचं ते कोणापासून? असं म्हणणारा माणूस बहुधा वाईट नसतो. कायदा शहरात बसून लिहिला, आपल्याकडे त्याचा उपयोग नाही, असं त्याला मनापासून वाटतं. मला नेमकं उलट वाटतं. या कायद्याची सगळ्यात जास्त गरज कोणाला असेल, तर ती चाळीस घरांच्या पाड्याला.

ऑक्टोबर 2016 आठवा. याच तालुक्यातल्या एका गावात पाच वर्षांच्या मुलीवरच्या अत्याचाराची तक्रार झाली. संशयित मुलगाही अल्पवयीन होता आणि पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं होतं. तरी रस्ते अडवले गेले, बसगाड्या पेटल्या, मोबाइल इंटरनेट बंद करावं लागलं, काही गावांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हा ते सर्रास लिहिलं गेलं, प्रकरणच गावाच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. कायद्याच्या लेखी तिथे दोन मुलं होती आणि दोघांनाही संरक्षण होतं. प्रत्यक्षात कोण कोणत्या समाजाचं, हे सगळ्यात आधी पसरलं, आणि ज्यांचा त्या घटनेशी काडीचा संबंध नव्हता अशांच्या दारात दगड येऊन पडले. गावाला माहीत होतं, हे खरंच. पण गावाला माहीत असणं आणि मोबाइलवरून जिल्हाभर पोचणं, या दोन गोष्टींच्या मधल्या जागेतच त्या बसगाड्या पेटल्या.

शिवाय गावाचं माहीत असणं वेगळ्या जातीचं असतं. गावाला मुलीची आजी माहीत असते, तिच्या घरचं लग्न माहीत असतं, आणि चार वर्षांनी विषय न काढण्याचं शहाणपणही बऱ्याच गावांत असतं. छापलेल्या बातमीला ते नसतं. पाच वर्षांची मुलगी पंधराची होते, मोबाइल हातात घेते, आणि स्वतःच्या गावाचं नाव टाकून शोधते.

म्हणूनच 2012 च्या पॉक्सो कायद्याने फक्त नावावर बंदी घातली नाही. कलम 23 मध्ये नावासोबत पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार आणि ज्यावरून ओळख पटेल असा कोणताही तपशील येतो. मोडल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आमच्याकडच्या बातम्या मात्र ‘नाव बदलले आहे’ असं कंसात टाकून मोकळ्या होतात आणि पुढच्याच ओळीत आश्रमशाळा, इयत्ता, पाडा नि वडिलांची मजुरी लिहितात. मुंबईत ‘सातवीतली मुलगी’ म्हणजे हजारोंतली एक. पाड्यावर सातवीत दोनच मुली असतात.

‘बरं, आरोपीचं नाव तरी छापा’ अशी मागणी होते. ती न्याय्य वाटते, आणि परक्या आरोपीच्या बाबतीत आहेही. पण या खटल्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचा असतो. तो बाप, मामा किंवा चुलता निघाला की त्याचं नाव हेच मुलीचं नाव. तिथे नातं छापायचं की नाव, हे ठरवावं लागतं. दोन्ही एकत्र छापता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त भावनेचा आहे: चेहरा नसेल तर लोक पेटून उठत नाहीत, आणि लोक उठल्याशिवाय न्याय मिळत नाही. डिसेंबर 2012 मध्ये दिल्ली एका घडवलेल्या नावावर उठली. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरला रेल्वे अडली ती दोन चिमुरड्यांसाठी, ज्यांची नावं अडवणाऱ्यांना ठाऊक असायची गरजही नव्हती. याउलट 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलिस ठाण्यात अत्याचार झाला. तिचं नाव देशभर गाजलं. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पोलिसांना सोडलं, त्यावरून चळवळ उभी राहिली, 1983 मध्ये कायदा बदलला, आणि पीडितेची ओळख छापण्यावर बंदीही त्याच दुरुस्तीने आली. कायद्याचा प्रत्येक विद्यार्थी आजही ते प्रकरण तिच्या नावानेच शिकतो. ज्या बंदीला तिच्या दुःखाने जन्म दिला, त्या बंदीचं संरक्षण तिला कधीच मिळालं नाही.

खरा तगडा आक्षेप तिसरा. न्यायालय उघडं असावं, बंद दाराआड अन्याय वाढतो. हा मला मान्य आहे. याच प्रश्नावरचा मिरजकर खटला मुंबईतलाच होता. 1966 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने त्यात उघड्या न्यायदानाचं महत्त्व सांगितलं आणि न्यायासाठी गरज पडली तर न्यायालय दार बंद करू शकतं, हेही सांगितलं. पण उघडं काय हवं, ते तरी नीट मागू या. तक्रार घ्यायला ठाण्याने किती तास लावले? वैद्यकीय तपासणीला मुलीला किती फिरवलं? एका वर्षात संपवायचा खटला कितव्या वर्षात आहे? निकालपत्रात पुरावा कसा तोलला? हे सगळं छापा, अधिकाऱ्यांच्या नावानिशी छापा. मुलीचं नाव कळून यातलं एकही उत्तर मिळत नाही. उलट बातमीत तिचा तपशील वाढतो तसतसा यंत्रणेचा कमी होत जातो, हे कुठलंही कात्रण काढून पाहावं.

आणि आरोपीच मूल असेल तर? पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरच्या अपघातानंतर हा प्रश्न संतापाने विचारला गेला. दोन तरुण जीव गेले होते, संताप रास्त होता. पण आरोपी मुलाचीही ओळख छापू न देणारं बाल न्याय कायद्याचं कलम 74 श्रीमंताच्या मुलासाठी लिहिलेलं नाही. ते काढून टाकलं तर पैसेवाला वकील लावेल, दुसऱ्या शहरात जाईल. पाड्यावरच्या पोराला जायला दुसरं गाव नसतं. पुण्याच्या प्रकरणातला राग तपास वाकवणाऱ्यांवर धरावा.

निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये सांगितलं, की अशा गुन्ह्यांचे एफआयआर सार्वजनिक करू नयेत आणि मृत पीडितेचंही नाव घेऊ नये. हे वाचायला सोपं आहे. पाड्यापर्यंत पोचवायचं तर साध्या गोष्टी लागतात. समन्स घेऊन येणारा पोलिस गणवेशात, गाडीतून येऊ नये. विचारपूस सरपंचाच्या ओट्यावर होऊ नये. नाशिकच्या कोर्टात साक्षीला आलेल्या मुलीचा पुकारा नावाने होऊ नये, क्रमांकाने व्हावा. भिंतीवरच्या बोर्डावर बापाचं आडनाव नको. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये फिर्यादीचं नाव आलं तर बातमीदाराने ते खोडावं.

हरवलेल्या मुलांचं तर वेगळंच. त्र्यंबकला सिंहस्थात मूल हरवलं की नाव भोंग्यावरून पुकारतात, फोटो मोबाइलवर फिरतो, आणि त्या पुकाऱ्याने मूल आईच्या कुशीत परत येतं. फिरवायलाच हवा तो फोटो. पण मूल सापडल्यावर काही वाईट घडल्याचं कळलं, तर त्या क्षणापासून तोच फोटो त्याच्याविरुद्ध काम करू लागतो. ज्यांनी ज्यांनी तो पुढे पाठवला, त्यांनी त्याच तत्परतेने तो काढूनही टाकावा. ‘मूल सापडलं’ या निरोपासोबत ‘फोटो पुसा’ हाही निरोप गेला पाहिजे, त्याच ग्रुपवर, त्याच दिवशी.