‘चांगला’ शेरा मिळाला म्हणून बढती हुकते, तेव्हा

शिक्षकांच्या मूल्यमापनावर प्रश्न उभा केला की लगेच उलटा प्रश्न येतो : कामचुकारांना पाठीशी घालताय का? नाही. शाळांची तपासणी कडक करा, हे आपल्याकडे सर्वांत आधी सांगणाऱ्यांत जोतीराव फुले आहेत. १८८२ साली हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी अधिकाऱ्याची वर्षातून एकदा होणारी भेट कुचकामी ठरवली. दर तिमाहीला तपासणी व्हावी, शिवाय अधूनमधून आगाऊ न कळवता भेट द्यावी, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्याच निवेदनात शिक्षकांचा पगार वाढवा आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्या, मुलांत मोकळेपणी मिसळणारे, नांगराला हात लावायची लाज न वाटणारे घ्या, असेही होते. आजच्या धोरणाने तपासणी उचलली. तपासणारा कोण आणि शिक्षक कोणाच्या घरातला, हा प्रश्न मात्र गाळला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नीट वाचा. पगारवाढ आणि बढती सेवाज्येष्ठतेवर नाही, तर फक्त मूल्यमापनावर द्यायची, असे त्यात आहे. मूल्यमापन कशावर? सहकाऱ्यांचे मत, हजेरी, बांधिलकी, प्रशिक्षणाचे तास, शाळेची आणि समाजाची सेवा. हजेरी आणि तास मोजता येतात. बांधिलकी कशाने मोजणार? आणि सहकाऱ्यांचे मत! ज्या स्टाफरूममध्ये नव्या शिक्षकाचे पूर्ण नाव कळेपर्यंत गप्पा पुढे सरकत नाहीत, तिथले मत आता पगारवाढ ठरवणार.

मी समाजशास्त्रात पीएचडी करतो आहे आणि त्या निमित्ताने भिलाईतल्या सरकारी शाळांतल्या शिक्षकांशी बोलत असतो. हे शहर समजून घ्यायला जोनाथन पॅरी यांचे २०२० सालचे ‘क्लासेस ऑफ लेबर’ उपयोगी पडते. पोलाद कारखान्यातली कायम ‘नोकरी’ आणि ठेकेदाराकडचे ‘काम’, यांतली दरी त्यांनी तिथे उलगडली आहे. ती दरी शाळेतही उतरते. नोकरीवाल्यांची मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांकडे वळली, ठेका कामगारांची सरकारी शाळेत राहिली. रोपणीच्या दिवसांत आई गावाकडे निघाली की मूलही जाते. मग निकाल खाली येतो आणि तो शिक्षकाच्या नावावर चढतो.

वर्षाच्या सुरुवातीला शिक्षकाने स्वतःची उद्दिष्टे लिहायची आणि वर्षअखेरीस ती किती गाठली ते सांगायचे, ही पद्धत कागदावर छान दिसते. कामगार वस्तीतल्या एका शाळेतल्या ताई, मूळ भंडाऱ्याकडच्या, मला म्हणाल्या, “भाऊ, सातवीतली पोरगी घरी बसली होती. तिच्या मायच्या चार चकरा मारून तिला परत आणली. हे कोणत्या रकान्यात लिहू?” त्यांनी लिहिले नाही. ‘वाचनक्षमता वाढवणे’ असे सगळे लिहितात तेच लिहिले.

आता सेवाज्येष्ठतेबद्दल. ती आळशाला फायदा देते, हे खरेच आहे. पण ज्येष्ठता यादीत रुजू झाल्याची तारीख असते, तिला आडनाव कळत नाही. छत्तीसगडमध्ये मध्य प्रदेशाच्या काळापासून हजारो माणसे ‘शिक्षाकर्मी’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर लागली. २०१८ मध्ये त्यांचे शिक्षण विभागात विलीनीकरण सुरू झाले, तेही आठ वर्षे सेवा झालेल्यांपासून. बढतीतल्या आरक्षणाच्या २०१९ च्या अधिसूचनेला उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली, नंतर २०२४ मध्ये ती रद्द केली. म्हणजे आरक्षणाची वाट अडली असताना ज्येष्ठतेचीही काढून घ्यायची आणि वरिष्ठाच्या शेऱ्याची तेवढी ठेवायची. याला ‘मेरिट’ म्हणतात!

शेरा काय करू शकतो, हे देव दत्त खटल्यात दिसले. सीमा रस्ते सेवेतल्या या अभियंत्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी लागत होता ‘अतिशय चांगला’. तो शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता. वाईट शेरा असता तर निदान कळला असता! २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची संधी दिली पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच कायम केले.

मला भेटलेल्या शिक्षकांपैकी बहुतेकांनी आपला गोपनीय अहवाल कधी मागितलेला नाही. ‘साहेबांना वाईट वाटेल’, हे कारण. तुमच्या घरात बहीण, मेहुणा, काका शिक्षक असेल, आणि पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या घरात बहुधा असतोच, तर अर्ज तुम्ही लिहून द्या. मागच्या पाच वर्षांच्या शेऱ्यांच्या प्रती मागा, पोच घ्या, शेरा खाली ओढलेला दिसला तर मुदतीत लेखी हरकत नोंदवा. आणि शिक्षक संघटनेच्या पुढच्या बैठकीत एवढे विचारा : गेल्या पाच वर्षांत ‘अतिशय चांगला’ कोणाला मिळाला, ‘चांगला’ कोणाला, प्रवर्गनिहाय यादी द्या.